कानांवाचून कार्ट

ज्याला ऐकू येत नाही त्याने शर्यतीची गाडी चालवावी काय, असे विचारले तर बहुतेक जण चटकन ‘नाही’ म्हणतील. इंजिनाचा आवाज कळणार नाही, मागचा येऊन आदळेल, कोणी ओरडले तरी उपयोग नाही! विद्यार्थी मित्रहो, उत्तराची घाई न करता हा प्रश्न आपण भौतिकशास्त्राच्या कसोटीला लावून पाहू. त्यासाठी मोटारशर्यतीतील सर्वांत धाकटी गाडी घेऊ. तिचे नाव कार्ट.

पहिली कार्ट १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स याने तयार केली. नळ्यांची चौकट, चार लहान चाके आणि गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन, एवढाच तिचा पसारा. आजच्या कार्टही मुळात तशाच आहेत. तिला स्प्रिंगा नसतात. मागची दोन्ही चाके एकाच सलग आसावर घट्ट बसवलेली असतात. बसण्याची जागा जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर आणि थेट चौकटीला जखडलेली. म्हणजे इंजिन आणि रस्ता यांचा प्रत्येक हादरा मधल्या कोणत्याही गादीवाचून चालकाच्या पाठीत पोचतो. आपल्या प्रश्नाची अर्धी किल्ली येथेच आहे.

ध्वनी म्हणजे कंपन. कान सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपने ओळखतो. पण कंपने ओळखणारे दुसरेही एक इंद्रिय आपल्याजवळ आहे, ते म्हणजे त्वचा. तिच्या खोल थरात पॅसिनी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म कणिका असतात. त्यांना सेकंदाला २०० ते ३०० कंपने सर्वांत चांगली जाणवतात. त्याहून मंद कंपने टिपणाऱ्या वेगळ्या कणिका त्वचेत वरच्या बाजूला असतात. सेकंदाला सुमारे १,००० कंपनांच्या पुढे मात्र त्वचा हात टेकते.

आता इंजिनाकडे वळू. भाड्याने मिळणाऱ्या कार्टचे एक सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे घेत आहे असे समजा. म्हणजे सेकंदाला ६० फेरे. या जातीच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, म्हणून सेकंदाला ३० स्फोट. शर्यतीचे टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला स्फोट करते. ते मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५० स्फोट. दोन्ही आकडे त्वचेच्या आटोक्यातले आहेत! इंजिन वेग घेते आहे की दमले आहे, हे पाठ आणि तळहात सांगतात. पुढच्या चाकांची पकड सुटू लागली की सुकाणूचक्र हातात हलके लागते. त्यासाठी टायरची किंचाळी ऐकू यायलाच हवी असे नाही. अॅश्ली फिओलेक ही अमेरिकन कर्णबधिर मुलगी २००८ साली तिच्या देशात मोटोक्रॉस या खडतर मोटारसायकल-शर्यतीत महिलांची विजेती झाली. गिअर कधी बदलायचा हे ती इंजिनाच्या कंपनांवरून ओळखत असे. तान्हेपणीच्या आजारात श्रवणशक्ती गमावलेल्या किटी ओनील यांनी तर १९७६ साली ऑरेगनच्या वाळवंटात तीन चाकांचे रॉकेटवाहन ताशी सरासरी सुमारे ८२५ किलोमीटर वेगाने हाकले होते.

सूचनांचे काय? धावपट्टीवर इंजिन चालकाच्या कानापासून अर्ध्या मीटरवर आणि ओरडणारा पंच पाच मीटरवर आहे असे धरा. अंतर दहापट, म्हणून व्यस्त वर्गाच्या नियमाने पंचाचा आवाज इंजिनाइतकाच मोठा असला तरी कानाशी त्याची तीव्रता शंभरावा हिस्सा उरणार. शिवाय डोक्यावर हेल्मेट. थोडक्यात, कार्टमध्ये बसल्यावर धडधाकट कानाचा चालकही जवळजवळ बहिराच असतो. म्हणून तर शर्यतीची भाषा पूर्वीपासून झेंड्यांची आहे. पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे शर्यत थांबली, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, चौकड्यांचा म्हणजे शर्यत संपली.

ध्वनीला माणूस प्रकाशापेक्षा लवकर प्रतिसाद देतो हे खरे. हा फरक सुमारे ०.०४ सेकंद असतो. पण ध्वनी सेकंदाला ३४० मीटर जातो. तेवढ्या वेळात त्याचे जेमतेम १४ मीटर होतात. संकेत देणारा त्याहून दूर असेल तर डोळाच बाजी मारतो.

खरे नुकसान एकच आहे, ते पाठीमागचे. ध्वनी अडथळ्याला वळसा घालून येतो, प्रकाश सरळ रेषेत जातो, आणि कार्टला सहसा आरसे नसतात. जवळ आलेल्या इंजिनाची चाहूल ऐकणाऱ्याला थोडीफार लागते, कर्णबधिराला लागत नाही. म्हणून त्याच्यासाठी निळा झेंडा वेळेवर आणि त्याच्या नजरेच्या टप्प्यात दिसलाच पाहिजे. धावपट्टी जेथे उलटी वळते तेथे मागचे कोठवर आले आहेत हे ओझरते पाहून घेण्याची सवयही उपयोगी पडते.

खरी अडचण गाडी सुरू होण्याआधीच येते. श्रवणयंत्रावर हेल्मेट चढवले की ते शीळ घालू लागते. शाळेच्या स्नेहसंमेलनात कर्णा आणि ध्वनिग्राहक समोरासमोर आले की जी किंकाळी उठते, तिचीच ही धाकटी बहीण! यंत्राने मोठा केलेला आवाज हेल्मेटच्या अस्तरावरून परतून पुन्हा यंत्रातच शिरतो. कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भाग तर केवळ लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेला असतो. हेल्मेट घालताना तो सरकतो. म्हणून पुष्कळ जण ही साधने काढून ठेवतात. अशा वेळी शिक्षकाने स्वतःचे हेल्मेट चढवून, पाठ फिरवून नियम सांगितले, तर मुलाला ओठही दिसत नाहीत. ते मान डोलावते आणि शेवटच्या फेरीनंतर वेग कमी करायचा हे न कळताच धावपट्टीवर उतरते. हा धोका कानाने नव्हे, सांगणाऱ्याने निर्माण केला.

उपाय स्वस्त आहेत. सूचना हेल्मेट घालण्यापूर्वी, समोरासमोर, खुणांच्या भाषेत किंवा फळ्यावर लिहून द्याव्यात. झेंडे हातात देऊन प्रत्येकाचा अर्थ मुलाकडूनच वदवून किंवा करवून घ्यावा. थांबण्याची हाताची खूण आधी ठरवावी. सुरुवात शिट्टीने न करता दिव्याने करावी. कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धांत धावण्याच्या शर्यतीही दिव्याने सुरू करतात.

त्वचेची ही शक्ती तुम्हांला घरीच अजमावता येईल. एक फुगा फुगवून दोन्ही तळहातांत हलका धरा आणि रेडिओच्या कर्ण्यापुढे उभे राहा. मित्राला तुमचे कान घट्ट झाकायला सांगा. तबल्याचा डग्गा वाजत असताना आणि बासरीचा वरचा सूर लागलेला असताना तळहातांना काय जाणवते, ते वहीत टिपून ठेवा.