राजधानी गेली, बाजार राहिला

नागपुरात आलेल्या पाहुण्याला यजमान हमखास झिरो माइलचा खांब दाखवतात, हातावर संत्रा बर्फी ठेवतात आणि ‘ही पूर्वी राजधानी होती बरं’ असे सांगून मोकळे होतात. राजधानीचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण या शहराचा स्वभाव त्यातून कळत नाही. नागपूर मुळात बाजाराचे गाव आहे आणि ते टिकले तेही बाजारामुळेच. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास नाग नदीकाठच्या 12 वाड्या जोडून हे शहर वसवले. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानाने राजधानी इथे आणली, जुम्मा तलाव बांधला. पुढे भोसल्यांचे राज्य आले. मग शहर राजांनीच घडवले की, असे कोणी म्हणेल. वसवले राजांनी, कबूल. पण दरबार उठल्यावर गावाचे काय होते हे पाहायचे असेल तर छिंदवाड्याकडच्या देवगडला जावे. एके काळच्या त्या राजधानीत आज किल्ल्याचे अवशेष आणि एक लहानसे खेडे उरले आहे. नागपूरचा दरबार तर दोनदा उठला. 1853 मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. इतवारी पेठेतले तराजू दोन्ही वेळा चालूच राहिले.

ते कशाच्या जोरावर, हे पाहिले पाहिजे. रेल्वे येण्यापूर्वी या भागातला कापूस बैलांच्या पाठीवरून पार गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाची वाट एकदम पश्चिमेकडे वळली. काही वर्षांत रूळ छत्तीसगडकडेही गेले आणि तिकडचे धान्य इथे उतरू लागले. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. इथे दुसरा आक्षेप येतो, की नागपूर वाढले ते गिरणीमुळे. आणि बाजाराने तर गिरणीला हातही लावला नव्हता. त्यात तथ्य आहे. दलदल बुजवून गिरणी बांधणारा हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणून एका मारवाडी सावकाराने भांडवल द्यायला नकार दिल्याचे टाटांच्या चरित्रात नोंदले आहे. (पुढे आपण चुकलो हे त्यानेच मान्य केले म्हणतात, सावकाराच्या तोंडून हे येणे म्हणजे नवलच.) तरीही मुंबई सोडून टाटा इथे आले ते कापसाचा मुलूख आणि रेल्वे दोन्ही हाताशी होते म्हणून. बाजार आधी, भोंगा नंतर. तो भोंगाही या शतकाच्या सुरुवातीला कायमचा बंद झाला. कॉटन मार्केटात आज कोबी, मेथी आणि वांग्यांचे ढीग दिसतात, तर हंगामात कळमन्याच्या आवारात आंबिया बहराची संत्री गाड्या भरभरून येतात आणि लिलावाला लागतात. माल बदलला, देवघेव तीच.

इथल्यासारख्या वारांच्या नावाच्या पेठा पुण्यातही आहेत, मग नागपूरचे वेगळे ते काय, असे पुणेकर विचारतीलच. अनेक ठिकाणी बाजार उठला तरी नाव मागे राहते. नागपुरात मात्र मंगळवारी बाजार अजून मंगळवारीच भरतो आणि इतवारी अजून घाऊक व्यापारावरच जगते. शिवाय इथला लोकसमाज या गल्ल्यांत घडला. कोष्टी, तेली, मारवाडी, गुजराती, बोहरा, छत्तीसगडी मजूर, सगळे एकमेकांच्या गिऱ्हाइकीवर अवलंबून. त्यामुळे ज्या हिंदीमिश्रित मराठीला पुण्या-मुंबईचे लोक हसतात ती भाषा म्हणजे व्यवहाराची गरज होती. ज्या सावजी रश्शाने पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येते, तो हलबा कोष्ट्यांच्या घरचा. हातमाग मंदावले तसे त्यांच्यातल्या अनेकांनी खानावळी काढल्या. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. 1880 च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक रोगराई आणि महागाई घेऊन जा म्हणत इतवारीतून जाते, बरोबर त्या वर्षी लोकांच्या रागाला आलेल्या पुढाऱ्यांचे बडगे, म्हणजे पुतळे, असतात. महागाईचा पुतळा ऐन बाजारपेठेतून नेऊन जाळायचा, आणि दुकानदारांनी ओट्यावर, गच्चीवर उभे राहून तो सोहळा पाहायचा, हे इथेच शोभते.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. राजधानी जाण्याच्या 18 दिवस आधी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्म स्वीकारला. ती घटना बाजाराच्या हिशेबात बसत नाही, बसवूही नये. त्यामागे 1920 मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली इथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेपासूनची चळवळ होती, आणि बाजाराने ज्यांना बरोबरीने कधी वागवले नाही त्यांनी ती उभी केली. नागपूरच्या बाजाराचे कौतुक करणाऱ्याने ही बाजूही सांगितली पाहिजे. तरी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि त्या परिसरात पुस्तकांची ओळीने दुकाने लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे शिदोरीच्या पिशवीत पुस्तके घालून परत जातात.