दोराची गाठ

ग्रीस देशात कालिम्नोस नावाचे बेट आहे. बेट बहुतेक खडकाळ. तिथले लोक समुद्रात बुड्या मारून तळाचा स्पंज काढीत व विकीत. १९८६ साली स्पंजावर रोग पडला. धंदा बसला. पुढे उंच कडे चढायला परदेशी लोक येऊ लागले. कड्यांनी बेटाला रोजी दिली.

या पाहुण्यांत साठी उलटलेली जोडपीही असतात. ती युरोपात महिनोन्‌महिने हिंडतात. कधी बायको चढते, नवरा खाली दोर सांभाळतो. कधी नवरा चढतो, बायको सांभाळते. चढण्याआधी दोघे एकमेकांची गाठ तपासतात. रोजचीच गाठ, तरी रोज बघतात. गाठ सुटली की जीव गेला.

ही रीत आम्हांला पटली. आपण विहिरीत उतरतो. उतरण्याआधी दोर पाहू. गाठ दुसऱ्याला दाखवू. मगच पाय खाली टाकू.