मजकूर पेस्ट केल्यावर का बिघडतो?



सराव प्रश्नपत्रिका आपण वर्डमध्ये व्यवस्थित टाइप करतो. तीच ऑनलाइन एडिटरमध्ये पेस्ट केली की कधी अक्षरे बदलतात, कधी ओळी तुटतात. दोन्ही वेळा आपण 'फॉन्टचा प्रॉब्लेम' म्हणून मोकळे होतो. पण हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे औषधही वेगळे आहे.

पहिला आजार : अक्षर बिघडणे

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे फक्त चित्र बसवलेले असते. तिथे आपल्याला 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी 'डी' असतो. एडिटरमध्ये तो फॉन्ट नसला की चित्र जाते आणि इंग्रजी अक्षरे उरतात. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक 2325. फॉन्ट कोणताही असो, 'क' हा 'क'च राहतो.

ओळखायचे कसे? मजकूर आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे मराठी दिसली तर तो युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरे दिसली तर जुना फॉन्ट आहे. आधी कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये बदला. बदलल्यावर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

दुसरा आजार : मांडणी बिघडणे

वर्डमधून कॉपी करताना मजकुरासोबत फॉन्टचे नाव, आकार, रंग, ओळींमधील अंतर हेही गुपचूप येते. एडिटरची स्वतःची मांडणी वेगळी असते, म्हणून दोन्हींची सरमिसळ होते. यावर उपाय सोपा आहे.

1. कंट्रोल + व्ही ऐवजी कंट्रोल + शिफ्ट + व्ही वापरा. बहुतेक ब्राउझरमध्ये फक्त साधा मजकूर येतो. ठळक अक्षरे, शीर्षके नंतर एडिटरमध्येच द्या.

2. 'जोड्या लावा' हा प्रश्न स्पेसबार दाबून मांडू नका. वेबपानावर सलग अनेक स्पेस साधारणपणे एकच धरल्या जातात. मग 'गोदावरी'समोरचा 'पंढरपूर' तिला चिकटतो आणि मुलाला तेच उत्तर वाटते. दोन रकान्यांचा तक्ता घाला.

3. कवितेच्या ओळींत मोठे अंतर पडत असेल तर ओळीच्या शेवटी शिफ्ट + एंटर दाबा. नुसत्या एंटरने नवा परिच्छेद सुरू होतो.

4. पीडीएफमधून घेतलेल्या मजकुरात प्रत्येक ओळ मध्येच तुटते. त्या ओळी जोडून घ्या आणि काना-मात्रा तपासा.

फोटो टाकून भागेल का?

एवढी खटपट नको म्हणून काहीजण पानाचा फोटोच टाकतात. दिसायला ते ठीक वाटते, पण फोनवर अक्षर बारीक होते, शोधून सापडत नाही आणि दृष्टिबाधित मुलाचे स्क्रीन रीडर साधारणपणे ते वाचू शकत नाही. युनिकोड मजकूर त्याला ऐकता येतो. आपला प्रश्न त्याच्यापर्यंतही पोहोचायला हवा ना?

म्हणून मजकूर बिघडला की आधी पाहा, अक्षर बिघडले की मांडणी? आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा मोबाईलवर उघडून वाचा. बहुतेक मुले तिथेच वाचणार आहेत.