यादीतील नाव आणि सभेतील आवाज



गेल्या निवडणुकीत आमच्या वस्तीतील एक मुलगी मतदान केंद्रावरून परत आली. हातात ओळखपत्र होते, पण त्या केंद्राच्या यादीत नाव नव्हते. घर बदलले, परंतु नाव जुन्याच पत्त्याच्या यादीत राहिले. जुने केंद्र दूर. हे कळेपर्यंत मतदानाची वेळ संपत आली होती. "मग मी नागरिक आहे की नाही?" असे तिने आम्हांला विचारले. ती नागरिक होतीच. पण त्या दिवशी तिचे मत मोजले गेले नाही. यात चूक आमचीही होती. जयंतीच्या वर्गणीसाठी आम्ही घरोघर फिरलो. मतदार यादी घेऊन मात्र एकाही दारात गेलो नाही. तिच्या प्रश्नातूनच अभ्यासवर्गाचा हा पाठ तयार झाला.

१. हा हक्क कसा मिळाला?

इंग्रजी राजवटीत मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर अवलंबून होता. ज्याला जमीन नाही आणि शाळेचे दार बंद, तो मतदार होणार कसा? २७ जानेवारी १९१९ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांसाठी या अटी सैल करण्याची मागणी केली. १९२८ साली सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. राज्यघटनेच्या कलम ३२६ ने तो सर्वांना दिला. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ साली मतदाराचे वय २१ वरून १८ झाले.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते. तरीही जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. कायद्याने दिलेला हक्कसुद्धा नावाविना हातून जातो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

२. यादीत नाव

१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला वयाची १८ वर्षे पूर्ण असतील, त्या तारखेच्या आधारे नाव नोंदवता येते. १७ वर्षे पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. नव्या नावासाठी नमुना ६, पत्ता बदलल्यास किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा. ओळखपत्र खिशात आहे म्हणून निश्चिंत राहू नये. प्रारूप यादी प्रसिद्ध होताच घरातील प्रत्येकाचे नाव स्वतः वाचून पाहावे. सासरी गेलेल्या मुली, भाड्याने राहणारी कुटुंबे आणि कामासाठी स्थलांतर केलेले मजूर यांची नावे सर्वांत आधी तपासावीत.

३. सभेत आवाज

मत पाच वर्षांतून एकदा. पण नागरिकाचे काम रोजचे आहे. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. म्हणजे यादी हेच ग्रामसभेचेही दार आहे. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांआधी महिलांची वेगळी सभा होते. वस्तीचा रस्ता, नळ, स्मशानभूमी हे प्रश्न तेथे मांडावेत आणि ठरावात नोंदले गेले की नाही ते पाहावे. शहरात असो वा गावात, खर्चाचा हिशेब हवा असेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. १० रुपये शुल्क भरून अर्ज केल्यास सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

४. विहारात सराव

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खुसंघाची आठवण करून दिली होती. प्रस्ताव मांडणे, गणसंख्या पाहणे, मत मोजणे हे नियम संघाला ठाऊक होते. संघात शलाकांनी, म्हणजे लहान काड्यांनी, मतदान होत असे. त्याच भाषणात त्यांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल.

म्हणून आम्ही आता महिन्यातून एका रविवारी विहारात सराव-सभा घेतो. अध्यक्ष मुलांमधूनच निवडतात. एक मुलगा प्रस्ताव मांडतो, दुसरी मुलगी विरोधात बोलते, मग मते मोजली जातात आणि इतिवृत्त लिहिले जाते. पहिल्या सभेत मोठ्यांनी मध्येच बोलून निर्णय दिला, तेव्हा अध्यक्ष मुलीने त्यांना थांबवले. आम्हांला वाटते, त्या दिवशी खरा धडा मुलांपेक्षा आम्हीच शिकलो.

स्वाध्याय

(अ) आपल्या घरातील १८ वर्षांवरील व्यक्तींची नावे यादीत शोधा. चुका वहीत लिहा.
(आ) आजीला विचारा : तिने पहिले मत कधी दिले? यादीत तिचे नाव कसे लिहिले होते?
(इ) वस्तीतील एक प्रश्न निवडून पाच ओळींचा ठराव लिहा.

पुढील जयंतीच्या वर्गणीला निघताना एका हातात पावती-पुस्तक आणि दुसऱ्या हातात मतदार यादी असावी, एवढीच सर्व सभासदांना विनंती.

जयभीम!