गोचीड : परिसर अभ्यासातील एक आरोग्यपाठ



पावसाळा सरला की पाचगणीच्या पठारावरील गवत गुडघ्याएवढे वाढलेले असते. भिलार, खिंगर, राजपुरी, गोडवली या गावांतील मुले शाळा सुटल्यावर गुरे राखावयास वा वैरणीचा भारा आणावयास रानात जातात. दुसऱ्या दिवशी एखादा मुलगा वर्गात कानामागे खाजवीत बसतो. आपण ‘नीट बैस’ म्हणतो आणि पाठ पुढे चालू ठेवतो. त्या कानामागे गोचीड असू शकेल, हे आपल्या ध्यानी यावे, एवढ्याचसाठी हा पाठ योजिला आहे.

प्रथम एक चूक सांगतो, ती माझीच आहे. मी शिक्षक असताना एका मुलाच्या कानामागे गोचीड दिसली. वडीलधाऱ्यांची रीत म्हणून मी तिच्यावर रॉकेल टाकले व नखांनी ओढून काढली. तिचा तोंडाकडील भाग कातडीतच राहिला व जखम चिघळली. डॉक्टरांच्या उपचाराने मुलगा बरा झाला. परंतु जे शिकवावयाचे ते आपणास आधी यावयास हवे, हा धडा मला त्याच्याकडून मिळाला.

पाठाची मांडणी

मुलांस विचारावे : गोचीड कोणी पाहिली? कोठे? गाय, म्हैस, शेळी, कुत्रा अशी उत्तरे आपोआप येतील. मग फळ्यावर आकृती काढावी. गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळी व विंचू यांच्या कुळातील आहे. अंड्यातून निघालेल्या पिलास सहा पाय असतात, पुढील दोन अवस्थांत आठ असतात. तिला उडता येत नाही, पिसवेसारखी उडीही मारता येत नाही. ती गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून वाट पाहते. जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या श्वासाची व अंगाच्या उबेची तिला चाहूल लागते आणि स्पर्श होताच ती चिकटते. तिच्या लाळेतील द्रव्यांमुळे चावा दुखत नाही. म्हणूनच ती कित्येक दिवस रक्त पीत राहिली तरी मुलास पत्ता लागत नाही. जिवंत गोचीड मुलांच्या हाती देऊ नये. मेलेली दाखवावयाची झाल्यास घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवूनच दाखवावी.

भय किती व कशाचे?

प्रत्येक गोचीड रोगट नसते, हे मुलांस आरंभीच सांगावे. तथापि तिच्यापासून होणारे काही रोग गंभीर आहेत. सन १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरून पडू लागली व पाठोपाठ माणसांस तीव्र ताप येऊ लागला. प्रथम पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, शोध घेतला तेव्हा हा एक नवाच विषाणू असून तो गोचिडीमार्फत पसरतो, असे आढळले. यासच लोक माकडताप म्हणतात. सन २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि सन २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात या तापाची साथ आली. हा प्रदेश आपल्याच सह्याद्रीच्या रांगेतील आहे. या तापाचा जोर डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. एका माणसाकडून दुसऱ्यास तो होत नाही. म्हणून अशा मुलास वर्गात वेगळे बसवून दुखवू नये.

दुसरा रोग ठिपक्यांचा ताप. यात ताप, डोकेदुखी व अंगावर लाल पुरळ दिसते. पुरळ तळहात व तळपायांवरही येऊ शकते. वेळीच ओळखल्यास डॉक्टरांजवळ यावर गुणकारी औषध आहे. उशीर झाल्यास जीव धोक्यात येतो. माकडतापावर मात्र खास औषध नाही. तेथे वेळेवर मिळालेली शुश्रूषाच रोग्यास तारते.

काढण्याची योग्य रीत

१. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीच्या अगदी लगत धरावी व न पिळता, झटका न देता सरळ वर ओढावी.
२. रॉकेल, चुना, तंबाखू वा पेटती काडी यांचा उपयोग करू नये. त्रासलेली गोचीड जखमेत अधिक लाळ सोडते.
३. नखांवर चिरडू नये; तिच्या अंगातील द्रव आपल्या हातास लागतो. ती चिकटपट्टीत गुंडाळून टाकावी.
४. जागा व हात साबणाने धुवावेत आणि तारीख लिहून ठेवावी.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत असा एक चिमटा अवश्य असावा.

प्रतिबंध

रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, पायजमा मोज्यांत खोचावा. गवतात लोळू नये. घरी येताच कपडे बदलून गरम पाण्यात भिजवावेत व स्नान करावे. कानामागे, केसांच्या कडेस, काखेत, कमरेस व गुडघ्यामागे आईने वा ताईने पाहावे. गुरांच्या व कुत्र्यांच्या गोचिडींवर पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने औषध लावावे. शाळेच्या आवारातील गवत कापून ठेवावे. मेलेले माकड दिसल्यास मुलांनी जवळ जाऊ नये; त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरून नवा आश्रय शोधतात. ग्रामपंचायत, वनखाते व प्राथमिक आरोग्य केंद्र यांस तत्काळ कळवावे.

उजळणीचे प्रश्न

गोचिडीस पाय किती? चावा का दुखत नाही? रॉकेल का टाकू नये? मेलेले माकड दिसल्यास काय कराल?

स्वाध्याय

प्रत्येक मुलाने घरच्या एका गुराची कान, मान व शेपटीखालची जागा वडिलांसमवेत पाहावी व काय आढळले ते दोन ओळींत लिहावे.

शेवटी एक विनंती. हजेरीपटावर एखादे मूल दोन दिवस तापाने गैरहजर दिसले, तर त्याच्या घरी जावे आणि विचारावे, ‘गेल्या दोन-तीन आठवड्यांत पोर रानात गेले होते काय? गोचीड चावली होती काय?’ उत्तर ‘होय’ आले, तर ते डॉक्टरांस सांगावयास लावावे. आपण औषध देऊ नये; ते आपले काम नव्हे. परंतु रोगाचे निदान पुष्कळदा या एका माहितीवर अवलंबून असते. डॉक्टर मुलास प्रथमच पाहत असतात, आपण त्यास रोज पाहतो. ही माहिती गुरुजींकडून वा बाईंकडून वेळेवर पोहोचली, तर मूल पुन्हा आपल्या जागी येऊन बसेल.