जुनी मोटार, मोजका पैसा आणि बिघाडाचे निदान

मोटारीची दुरुस्ती महाग पडते ती सुट्या भागांच्या किमतीमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. जुन्या मोटारीच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. पुष्कळसा पैसा जातो तो निदान न करता भाग बदलण्यात. मोटार सुरू होईना म्हणून नवी बॅटरी आणली, तरी होईना म्हणून प्लग, मग कार्ब्युरेटरची सफाई. आणि अखेर सापडते ती बॅटरीच्या टोकावरची सैल तार! प्रस्तुत लेखात या निदानाचाच विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल भोपाळमधील अशोका गार्डन ही वस्ती घेऊ. एका बाजूस रेल्वे स्थानक, दुसऱ्या बाजूस गोविंदपुऱ्याची औद्योगिक वसाहत, आणि मध्ये नोकरदार मध्यमवर्ग. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, पावसाळा जोरदार आणि खिसा बेताचा. जुन्या मोटारीची परीक्षा पाहणाऱ्या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आहेत. अशा घरांना परवडलेली पहिली मोटार म्हणजे मारुती ८००. ती डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. तेव्हा वर्षभराचा किरकोळ खर्च हाताशी ठेवणे भागच असते.

आता निदान. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, इंधन आणि वेळेवर ठिणगी. पण त्याआधी ते फिरले पाहिजे. दिवे लावून चावी फिरवावी. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टोके गंजली आहेत. दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ मुका, तर दोष सेल्फकडे किंवा त्याच्या तारांत शोधावा. साधा मल्टिमीटर असल्यास अधिक उत्तम. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. तीही चार दिवसांत उतरेल, कारण दोष पट्ट्यात किंवा अल्टरनेटरमध्ये आहे. टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. त्यासाठी तार काढताना आधी ऋण टोकाची काढावी, जोडताना ती शेवटी जोडावी.

इंजिन फिरते पण थरथरते, अशा वेळी अदलाबदलीची युक्ती फार उपयोगी पडते. मारुती ८०० च्या मूळ इंजिनाला तीनच सिलिंडर व तीनच प्लग. एक सिलिंडर मुका झाला की गाडी हादरते. इंजिन थंड असताना त्या सिलिंडरचा प्लग शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याचा त्याला लावावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. जागेवरच राहिला तर वायर, वितरकाची टोपी किंवा सिलिंडरच. खर्च शून्य! काढलेल्या प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला. तेलकट ओला असेल तर इंजिन तेल जाळते आहे, आणि ते घरचे काम नव्हे.

मे महिन्यात बंद पडलेली कार्ब्युरेटरची गाडी पाहून मिस्त्री ‘कचरा आ गया’ म्हणून मोकळा होतो. पुष्कळदा पंपात पेट्रोलची वाफ अडकलेली असते. पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबावे. पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर बंद पडली, तर वितरकाची टोपी आतून कोरडी पुसावी. नवी गोष्ट अशी की, पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते. नळी चिकट किंवा भेगाळलेली दिसली की बदलावी. पेट्रोलचा थेंबही इंजिनावर पडू देऊ नये.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि तारीख व किलोमीटर वहीत लिहावे. रेडिएटरचे झाकण गरम असता उघडू नये, आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली मुळीच शिरू नये. ब्रेक मात्र स्वतः उघडू नयेत. टाकीतील ब्रेकचे तेल कमी झालेले दिसले, तर लायनिंग किंवा पॅड झिजले आहेत अथवा कोठे गळती आहे. केवळ तेल ओतून ती टाकी भरू नये. गाडी मिस्त्रीकडे न्यावी, आणि पेडल खोल जात असेल तर तीही चालवत नेऊ नये.