भाज्यांचे भाजलेले काप : पाणी, उष्णता आणि रंग

दिल्लीच्या शेजारी, यमुना आणि हिंडण या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात, १९७६ साली नोएडा हे नवे नगर वसविण्यात आले. या नगरातील अनेक घरांत आता विजेची लहान भट्टी, म्हणजेच ओव्हन, असते. बटाटा, रताळे, गाजर यांचे बोटाएवढे काप तेलात तळण्याऐवजी या भट्टीत भाजून घेण्याची पद्धत सोपी आहे आणि तिला तेलही फार थोडे लागते.

परंतु या कृतीत एक कोडे आहे. मार्च महिन्यात शेतातून नुकत्याच आलेल्या पक्व बटाट्याचे काप भाजले, तर ते सोनेरी व कुरकुरीत होतात. तेच काप, तेवढेच तेल व तेवढीच उष्णता ठेवून सप्टेंबरमध्ये भाजले, तर पुष्कळदा ते काळपट होतात, कडवट लागतात आणि आतून मात्र मऊच राहतात. कृती तीच असता फळ निराळे का मिळावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की पदार्थविज्ञान, रसायन आणि शेती ही तिन्ही एकाच ताटात एकत्र आलेली दिसतात.

१. काप कुरकुरीत होतो म्हणजे काय होते?

बटाट्यात वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात बहुतांश स्टार्च असतो. बटाटा तापू लागला की सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअस उष्णतामानाला स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व आतला गर मऊ होतो. यालाच आपण ‘बटाटा शिजला’ असे म्हणतो.

कुरकुरीतपणा ही याच्या पुढची पायरी होय. कापाच्या पृष्ठभागावर जोपर्यंत पाणी आहे, तोपर्यंत भट्टी कितीही तापवली तरी त्या पृष्ठभागाचे उष्णतामान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. कारण येणारी सर्व उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपून पृष्ठभाग कोरडा झाला, म्हणजेच ते उष्णतामान वर चढते आणि फुगलेल्या स्टार्चचे पातळ, कडक कवच तयार होते.

हा खर्च किती मोठा आहे ते पाहा. अर्धा किलो बटाट्याचे काप भाजून झाल्यावर त्यांचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरले, असे समजू. म्हणजे २०० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. या हिशेबाने केवळ वाफ करण्यासाठी १,०८,००० कॅलरी खर्च झाल्या. तेवढेच पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास मात्र फक्त १६,००० कॅलरी लागतात. म्हणून काप भाजणे हे मुख्यतः पाणी घालविण्याचे काम आहे, हे नीट ध्यानात ठेवावे.

२. तळणे आणि भाजणे यांतील भेद

तापलेल्या भट्टीतून ताट काढताना हाताला गरम हवा लागते, तरी तेवढ्याने हात भाजत नाही. परंतु तापल्या तेलाचा एक थेंबही फोड आणतो. हवा विरळ आहे आणि ती उष्णता फार सावकाश पोहोचविते. तेल मात्र कापाला सर्व बाजूंनी चिकटून उष्णता वेगाने देते. यामुळे तळण्यास काही मिनिटे पुरतात, तर भाजण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो.

यातूनच तीन नियम निघतात. पहिला, काप भट्टीत घालण्यापूर्वी पुसून कोरडे करावेत; बाहेरचे पाणी घालविण्यात उष्णता वाया जाऊ नये. दुसरा, काप एकावर एक न रचता एका थरात, मोकळे पसरावेत. दाटीने ठेवले तर एकाची वाफ दुसऱ्याला लागते आणि ते भाजण्याऐवजी उकडतात. तिसरा, प्रत्येक कापाला तेलाचा पातळ हात लावावा; हे तेल ताटाची उष्णता कापापर्यंत पोहोचविते व पृष्ठभाग सारखा भाजू देते.

तळलेल्या कापांत १०० ग्रॅममागे सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश असतो. अर्धा किलो बटाट्यास एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, तेल लावून भाजले, तर तयार झालेल्या १०० ग्रॅम कापांत ५ ग्रॅमहून कमी तेल राहते.

३. सोनेरी रंग कोठून येतो?

पृष्ठभाग कोरडा होऊन तापू लागला की बटाट्यातील ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करा आणि ॲमिनो आम्ले यांचा संयोग होऊ लागतो. या क्रियांचे वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केले, म्हणून त्यांना मायार क्रिया म्हणतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला रवा, कॉफीचे दाणे यांचा रंग व सुवास यांत याच क्रियांचा मोठा वाटा आहे.

या क्रियांना दुसरी बाजूही आहे. बटाट्यात ॲस्पॅराजिन नावाचे ॲमिनो आम्ल विपुल असते. आपली शतावरी ज्या कुळातली, त्याच कुळातील एका भाजीच्या रसातून १८०६ साली ते प्रथम वेगळे केले गेले आणि त्या भाजीवरूनच त्याला नाव मिळाले. सुमारे १२० अंशांच्या वर, कोरड्या उष्णतेत, ॲस्पॅराजिन व शर्करा यांपासून ॲक्रिलामाइड हे द्रव्य थोड्या प्रमाणात बनते. अन्नातील त्याचे अस्तित्व २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी जगापुढे आणले. प्राण्यांवरील प्रयोगांवरून हे द्रव्य माणसातही कर्करोगास कारण होण्याचा संभव आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच नोंदविले होते. माणसांच्या आहाराविषयीचे अभ्यास अद्याप निर्णायक नाहीत. तरी हे द्रव्य अन्नात शक्य तितके कमी असावे, असाच शास्त्रज्ञांचा सल्ला आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘तळलेले वाईट आणि भाजलेले निर्धोक’ असे सरसकट म्हणता येत नाही. भाजण्याने तेल वाचते, परंतु काप करपवले तर ॲक्रिलामाइड वाढतेच. उकडलेल्या बटाट्यात ते जवळजवळ बनत नाही, कारण तेथे उष्णतामान १०० अंशांच्या वर जात नाही. घरी मोजमापाचे साधन नसले तरी रंग हा चांगला मार्गदर्शक आहे. काप सोनेरी पिवळे झाले की थांबावे, तपकिरी होऊ देऊ नयेत.

४. शीतगृहातील बटाटा

आता मूळ कोड्याकडे वळू. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, आग्रा, अलीगढ, हाथरस या जिल्ह्यांत, बटाट्याची लागवड ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि मुख्य पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. पुढे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उष्म्यात बटाटा टिकत नाही, म्हणून तो शीतगृहात ठेवतात. वर्षाच्या उत्तरार्धात नोएडाच्या बाजारात येणारा बटाटा बहुधा तेथूनच आलेला असतो.

दोन ते चार अंशांच्या थंडीत बटाट्याला कोंब फुटत नाहीत. मात्र तो जिवंत कंद असल्याने त्याच्यातील स्टार्चचे हळूहळू शर्करेत रूपांतर होते. असा बटाटा गोडसर लागतो. भट्टीत गेल्यावर ही वाढलेली शर्करा लवकर रंग धरते. आतले पाणी पुरते निघण्यापूर्वीच बाहेरची बाजू काळपट होते. सप्टेंबरच्या कापाचे रहस्य ते हेच.

याला उपाय म्हणून काही शीतगृहांत बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवून, कोंब रोखणारे औषध वापरतात. दिल्लीकडील बाजारात असा बटाटा ‘शुगर फ्री’ या नावाने विकला जातो. या नावाने मधुमेही व्यक्तींची फसगत होऊ नये. त्यात शर्करा कमी असते हे खरे. पण स्टार्च पूर्वीइतकाच असतो आणि पोटात गेल्यावर त्याचेही ग्लुकोजच होते.

दुसरा उपाय वाणांचा. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटणा येथे स्थापन झाली व १९५६ मध्ये शिमल्यास गेली. मेरठजवळ मोदीपुरम येथे तिचे केंद्र आहे. या संस्थेने १९९८ मध्ये कुफ्री चिप्सोना-१ व कुफ्री चिप्सोना-२ हे वाण दिले. त्यांत घनांश अधिक आणि शर्करा कमी असते. घनांश अधिक म्हणजे पाणी कमी. त्यामुळे ते लवकर कुरकुरीत होतात.

५. कृती

साहित्य : बटाटे ५०० ग्रॅम, तेल एक मोठा चमचा, मीठ व मिरपूड चवीपुरती.

बटाटे धुऊन, हिरवा भाग व कोंब असल्यास काढून टाकून, एक सेंटिमीटर जाडीचे सारखे काप करावेत. ते अर्धा तास थंड पाण्यात ठेवावेत. यामुळे पृष्ठभागावरचा सुटा स्टार्च आणि थोडी शर्करा निघून जाते. बटाटा शीतगृहातला असेल, तर काप नंतर तीन-चार मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून ते पाणी टाकून द्यावे. मग स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडे करावेत, तेल चोळावे व ताटात मोकळे मांडावेत. भट्टी आधी २०० अंशांपर्यंत तापवून घ्यावी. वीस मिनिटांनी काप उलटावेत आणि पुढे पंधरा ते वीस मिनिटे, रंगाकडे लक्ष ठेवून, भाजावेत. मीठ शेवटी घालावे; आधी घातल्यास ते आतले पाणी बाहेर ओढते. हे काम मुलांनी मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावे.

६. इतर भाज्या

रताळ्यात तापताना स्टार्चपासून माल्टोज ही शर्करा बनते. हिवाळ्यात दिल्ली-नोएडाच्या रस्त्यांवर निखाऱ्यावर भाजलेली शकरकंदी मिळते, तिचा गोडवा यामुळेच वाढतो. रताळ्याचे काप लवकर रंगतात, म्हणून त्यांना १८० अंश पुरेत. गाजरात व बिटात स्टार्च फार थोडा व पाणी पुष्कळ असते. ते गोड व खमंग होतात, पण बटाट्यासारखे कडक कवच त्यांना येत नाही. यावर उपाय कोकणात व गोव्यात जुनाच आहे. तेथे वांग्याचे, सुरणाचे किंवा नीरफणसाचे काप रव्यात अथवा तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परततात. भाजीत जो स्टार्च नाही, तो बाहेरून दिला जातो! भट्टीतही ही युक्ती उपयोगी पडते.

अभ्यास

१. काप भाजण्यापूर्वी व नंतर तोलून पाहा. किती पाणी गेले? त्यासाठी किती कॅलरी लागल्या?

२. एकाच बटाट्याचे निम्मे काप पाण्यात भिजवा, निम्मे तसेच ठेवा. दोन्ही एकाच ताटात भाजून रंगांची तुलना करा.

३. तुमच्या बाजारातील बटाटा कोठून येतो व किती महिने शीतगृहात असतो, याची विक्रेत्याकडे चौकशी करा. कापांचा रंग कोणत्या महिन्यात कसा येतो, याची वर्षभर नोंद ठेवा.